कनेक्टरचा जोड पक्का कसा बसवावा?
सोल्डरिंगची उष्णता, बिटाची निवड आणि हाताची रीत

सोलापूर म्हटले की चादर, टॉवेल आणि यंत्रमाग डोळ्यांपुढे येतात. १८७७ साली येथे पहिली कापड गिरणी उभी राहिली, गिरण्यांमागून यंत्रमाग आले आणि आता मागावरही इलेक्ट्रॉनिक कार्ड येऊन बसले आहे. रेपियर मागाचे कंट्रोल कार्ड, भरतकामाच्या यंत्राचे कार्ड, शिलाई यंत्राच्या मोटरचा बोर्ड, शेतातल्या पंपाचा स्टार्टर, घरातला इन्व्हर्टर, खिशातला मोबाईल या सर्वांचा कारभार सर्किट बोर्डावर चालतो. पूर्वी माग अडला की फिटर पाना घेऊन येई. आता कार्ड पिशवीत घालून दुरुस्तीवाल्याकडे धाडावे लागते.

या कामात आपले पुष्कळ तरुण आहेत. काहींनी आयटीआय केले आहे, बहुतेकांनी उस्तादाच्या हाताखाली बसून हुनर शिकून घेतले आहे. अशा कारागिरांशी बोलताना एक गोष्ट आम्हाला वारंवार दिसून आली. आयसी कोणती गेली, ट्रान्झिस्टर कोणता शॉर्ट झाला हे ते चटकन ओळखतात, परंतु बोर्ड बिघडतो तो पुष्कळदा कनेक्टरपाशी. कनेक्टर हाताने ओढला जातो, यंत्राच्या थरथरीने हलतो आणि जास्त करंट वाहून तापतो. त्याचा जोड हळूहळू तडकतो. कारागीर आयर्न तापवून तेथे पुन्हा सोल्डर मारतो आणि महिनाभरात तेच कार्ड परत येते. म्हणून या वेळी आम्ही एवढाच विषय घेतला आहे : बोर्डावरच्या कनेक्टरला सोल्डर करताना उष्णता किती ठेवावी आणि ती द्यावी कशी.

कल्हईवाल्यापासून सुरुवात

सोल्डरिंग हे आपल्याला परके काम नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करण्याचे काम अनेक मुस्लिम घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. कल्हईवाला भांडे आधी घासून स्वच्छ करतो, भट्टीवर तापवतो, नवसागर टाकतो, कथील लावतो आणि कापसाच्या बोळ्याने ते फिरवतो. तो कथील तापवून भांड्यावर ओतत नाही. तो भांडे तापवतो आणि तापलेले भांडे कथील ओढून घेते. नवसागर धातूवरचा गंज काढतो. भांडे कमी तापले तर कथील गोळा होऊन बसते, जास्त तापले तर जळून काळवंडते.

बोर्डावरच्या जोडाचा नियम हाच आहे. भांड्याच्या जागी तांब्याचे पॅड आणि कनेक्टरची पिन, नवसागराच्या जागी राळ म्हणजे फ्लक्स आणि भट्टीच्या जागी आयर्नचे बिट. पॅड आणि पिन दोन्ही एकाच वेळी तापली पाहिजेत, मग सोल्डर त्यांच्यावर आपोआप पसरते. जो कारागीर बिटावर सोल्डरचा थेंब घेऊन तो पिनीवर नेऊन ठेवतो, त्याची राळ वाटेतच जळून जाते आणि जोड वरून दिसतो पण आतून धरत नाही. यालाच आपण ‘ड्राय सोल्डर’ म्हणतो.

कथील, शिसे आणि १८३ अंश

शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ अंशांना. परंतु ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे एकत्र केले की मिश्रण १८३ अंशांनाच वितळते आणि तेथेच घट्ट होते. बाजारातील ६०/४० ची तार याच्या अगदी जवळची असून ती १८३ ते १९० अंशांच्या दरम्यान पूर्ण वितळते.

तार घेताना बांधवांनी रिळावरील आकडे वाचून घ्यावेत. कथील शिशापेक्षा कितीतरी महाग असल्याने स्वस्त तारेत कथील कमी घातलेले असते. ५०/५० ची तार पूर्ण वितळायला सुमारे २१५ अंश लागतात, ४०/६० च्या तारेला सुमारे २३८. अशी तार थंड होताना बराच वेळ लापशीसारखी राहते आणि तेवढ्यात कनेक्टर जरा हलला तरी जोड आतून फुटतो. रिळामागे वाचलेले पैसे परत आलेल्या एका कार्डात जातात.

दुसरी बाब शिसेविरहित सोल्डरची. युरोपने जुलै २००६ पासून विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील शिशावर मर्यादा आणली. आपल्याकडे २०११ च्या ई-कचरा नियमांतील तशी तरतूद १ मे २०१४ पासून लागू झाली. त्यामुळे नवे मोबाईल आणि टीव्हीचे बोर्ड बहुधा शिसेविरहित सोल्डरचे असतात. कथील, चांदी व तांबे यांचे हे सोल्डर २१७ ते २२० अंशांना वितळते, कथील-तांब्याचे २२७ अंशांना. जुन्या सवयीच्या हाताला ‘हा बोर्ड वितळतच नाही’ असे वाटते, त्याचे कारण हेच. अशा जोडावर प्रथम थोडा फ्लक्स आणि थोडी ६०/४० ची तार द्यावी. दोन्ही मिसळली की वितळण्याचा अंश खाली येतो. मग सर्व जुने सोल्डर काढून जागा स्वच्छ करावी आणि नवे भरावे.

आकडा वाढवू नका, बिट बदला

आता मुख्य मुद्दा. सोल्डर १८३ अंशांना वितळते तर आयर्न ३३० वर का ठेवायची? कारण बिट जोडाला टेकताच पिन, पॅड आणि बोर्डातले तांबे उष्णता ओढून घेतात आणि बिट थंड पडते. जोड लवकर तापावा म्हणून बिट वितळबिंदूच्या बरेच वर ठेवावे लागते.

परंतु जोडाला मिळणारी उष्णता केवळ आकड्यावर ठरत नाही. बिट किती जागेवर टेकते यावर ती जास्त ठरते. सुईसारखे टोकदार बिट जाड पिनीला एका बिंदूवर टेकते. त्याचा आकडा ४५० केला तरी उष्णता पोहोचत नाही, मात्र टेकलेल्या बिंदूपाशी पॅड भाजून निघते. त्याच जागी चपट्या, छिनीसारख्या तोंडाचे बिट ३४० वर ठेवून लावले तर दोन-तीन सेकंदांत सोल्डर वाहू लागते. टोकदार बिट बारीक कामाला बरे हा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक कनेक्टरांना पॅडच्या रुंदीएवढे छिनी बिटच उत्तम चालते.

हा धडा आम्ही नुकसान सोसून शिकलो. सुरुवातीच्या दिवसांत एका रेपियर मागाचे कार्ड आमच्याकडे आले होते. पॉवर कनेक्टरची एक पिन ग्राउंडच्या रुंद तांब्याला जोडलेली होती, ती काही केल्या सुटेना. आम्ही आकडा ४५० वर नेला, बिट दाबून धरले आणि कनेक्टर हलवून ओढला. पिन आली, पण तिच्यासोबत पॅड आणि भोकातले तांबेही आले. नंतर तार टाकून कार्ड चालू केले खरे, पण दोन दिवस माग उभा होता. माग उभा राहिला की विणकराची मजुरीही उभी राहते. भरपाई आम्ही दिली, पण त्या विणकराचे दोन दिवस परत आले नाहीत.

हे का घडते तेही समजून घ्यावे. साध्या हिरव्या बोर्डातील चिकट राळ १३० ते १४० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते. म्हणजे सोल्डर वितळते तेव्हा पॅडखालची पकड आधीच ढिली झालेली असते. हे टाळता येत नाही. आपल्या हाती एवढेच की ती स्थिती दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेवायची नाही आणि तेवढ्या वेळात जोर लावायचा नाही. पॅड उखडते ते बहुधा उष्णता आणि जोर एकत्र आल्यामुळे. स्वस्त वस्तूंतील तपकिरी कागदी बोर्डावर तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

कोणत्या कामाला किती?

तापमान नियंत्रण असलेल्या स्टेशनवर साधारण असे प्रमाण ठेवावे.

अडीच मिलिमीटर अंतराच्या बारीक पिनी, ६०/४० सोल्डर : ३१० ते ३३० अंश, दीड मिलिमीटरच्या आसपास रुंदीचे छिनी बिट, सुमारे दोन सेकंद.

पॉवर सप्लायचे जाड पिनीचे कनेक्टर, ६०/४० सोल्डर : ३४० ते ३५० अंश, अडीच ते तीन मिलिमीटरचे बिट, तीन सेकंद.

शिसेविरहित बोर्ड : वरील आकड्यांत वीस ते तीस अंशांची भर.

ग्राउंडच्या रुंद तांब्याला जोडलेली पिन : आकडा तोच, बिट आणखी रुंद, आणि बोर्ड आधी ब्लोअरने किंवा प्रीहीटरने हाताला चटका बसेल इतपत, म्हणजे ८० ते १०० अंशांपर्यंत कोमट करून घ्यावा.

चारशेच्या वर जाण्याची पाळी आली तर बिट लहान आहे, काळवंडले आहे किंवा बोर्ड थंड आहे असे समजावे. शिवाय स्वस्त स्टेशनवर दिसणारा आकडा आणि बिटाच्या टोकावरचे खरे तापमान यांत वीस-तीस अंशांचा फरक सहज असतो. आकड्यापेक्षा जोडाकडे पाहावे.

साधी २५ वॅटची आयर्न वापरणाऱ्यांनी निराश होऊ नये, पण तिचा स्वभाव ओळखावा. तिला नियंत्रण नसते. ती रिकामी ठेवली की बिट चारशेच्या पुढे जाऊ शकते आणि सलग काम केले की उतरत जाते. व्होल्टेज २३० वरून १९० वर आले तर २५ वॅटची आयर्न जेमतेम १७ वॅटची राहते. ‘सकाळी चांगले चालत होते, संध्याकाळी जोड धरत नाहीत’ यामागे बहुधा हेच असते. तिची पारख राळेने होते. बिट राळेला लावताच फाटकन धूर उठून राळ लगेच काळी पडली तर बिट फार तापले आहे. पांढरा धूर संथ निघून राळ काही क्षण सोनेरी राहिली तर तापमान ठीक आहे.

सोलापूरच्या उन्हाळ्यात डोक्यावरचा पंखा बंद ठेवून बसणे अशक्य, परंतु त्याचा झोत जोडावर आणि बिटावर पडला की दोन्ही थंड होतात. पंखा बाजूला असा ठेवावा की धूर तोंडापासून दूर जाईल आणि जोडाला वारा लागणार नाही.

प्लास्टिकचाही विचार करा

रेझिस्टर आणि कनेक्टर यांत मोठा फरक हा की कनेक्टरच्या पिनी प्लास्टिकमध्ये रोवलेल्या असतात. पिन जास्त वेळ तापली की उष्णता वर चढते, प्लास्टिक मऊ पडते आणि पिन तिरपी होते किंवा खाली सरकते. मग खालून जोड सुंदर दिसतो, पण समोरचा प्लग नीट बसत नाही. काही कनेक्टरांचे पीबीटी प्लास्टिक सुमारे २२५ अंशांना वितळते, नायलॉन ६६ सुमारे २६० ला.

यावर सोपा उपाय आहे. भंगारातील जुळणारा प्लग कनेक्टरमध्ये बसवून मगच सोल्डर करावे. तो पिनी सरळ धरतो आणि काही उष्णताही ओढून घेतो. प्रथम दोन टोकांच्या पिनींना थोडे सोल्डर लावून कनेक्टर बोर्डाला चिकटून सरळ बसला आहे का ते पाहावे. वाकडा असेल तर बोटाने अलगद दाबून तोच जोड पुन्हा वितळवावा, पण तापत असलेल्या पिनीला बोट लावू नये. नंतर सगळ्या पिनी ओळीने न करता एक सोडून एक कराव्यात, म्हणजे प्लास्टिकला निवायला वेळ मिळतो.

हाताची रीत अशी : बिट पुसून त्यावर किंचित ताजे सोल्डर घ्यावे. पिन आणि पॅड यांच्या कोपऱ्यात बिट टेकवावे. सेकंदभर थांबून तार बिटाला न लावता पिनीच्या दुसऱ्या बाजूला लावावी. सोल्डर वाहून भोकात उतरले की आधी तार काढावी, मग बिट. जोड घट्ट होईपर्यंत बोर्ड हलवू नये आणि फुंकर मारू नये.

जुना कनेक्टर काढताना

नुकसान बहुतेक काढतानाच होते. कनेक्टर बदलायचाच असेल तर त्याचे प्लास्टिक कटरने तोडून पिनी सुट्या कराव्यात आणि एकेक काढावी. दहा पिनी एकदम सोडवण्यापेक्षा ते सोपे. प्रत्येक जोडावर आधी फ्लक्स व ताजे सोल्डर द्यावे आणि मग पंप किंवा तांब्याच्या जाळीने ओढावे. जुने सोल्डर कोरडे असते, ताजे मिसळले की ते सहज निघते. जाळीवर बिट ठेवून पॅडवरून घासू नये. पिन हलत नसेल तर ती अजून सुटलेली नाही.

मोबाईलच्या चार्जिंग जॅकमध्ये बारीक पिनी आणि धातूच्या घराचे पाय असतात. ओढाताणीचा सगळा भार हे पाय घेतात. केवळ पिनींना सोल्डर मारून पाय तसेच सोडले तर जॅक आठवड्यात हलू लागतो. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरी सोडवावी. पायांना रुंद बिट वापरावे, पिनींना भरपूर फ्लक्स लावून बिट हलके ओढावे, दोन पिनी जुळल्या तर जाळीने जादा सोल्डर टिपावे. ब्लोअर वापरताना जॅकच्या आतले प्लास्टिक आणि शेजारचा माईक यांना उष्णतारोधक टेपने झाकावे.

मागाच्या कार्डासाठी तीन सूचना

माग रात्रंदिवस थरथरतो, त्यामुळे उत्तम जोडही केबल लोंबत असेल तर टिकणार नाही. केबलचा भार पट्टीने बांधून पेटीवर द्यावा, कनेक्टरवर नको. दुसरे, स्क्रूखाली जाणाऱ्या बारीक तारांच्या टोकाला सोल्डर लावू नये. सोल्डर मऊ असल्याने दाबाखाली हळूहळू सरकते, स्क्रू ढिला होतो आणि जागा तापून जळते. तेथे तांब्याची टोपी दाबून लावावी. तिसरे, कार्डावरचा कापसाचा तूस ब्रशने साफ करून, सोल्डरनंतर उरलेला फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा. चिकट फ्लक्सवर तूस आणि ओल धरते. पत्र्याच्या कामाची ॲसिड पेस्ट तर बोर्डाच्या जवळही आणू नये. ती पिनी गंजवते आणि ट्रॅक खाते. पॉवर सप्लायचा मोठा कपॅसिटर उतरवल्याशिवाय हात घालू नये हे सांगायला नकोच.

जोडाची परीक्षा

चांगला जोड उताराच्या टेकडीसारखा दिसतो. सोल्डर पॅडच्या कडेपर्यंत पसरून पिनीवर थोडे चढलेले असते आणि पिनीचा आकार आतून ओळखू येतो. भोकात निदान तीन चतुर्थांश सोल्डर उतरलेले असावे. वाटाण्यासारखा गोळा, पिनीभोवतीची बारीक गोल चीर किंवा पॅडपासून सुटलेली कड म्हणजे जोड कच्चा. मात्र शिसेविरहित जोड स्वभावतःच जरा मंद चमकीचा असतो, केवळ तेवढ्यावरून त्याला खोटा ठरवू नये. भिंगाने पाहावे, मीटरने तपासावे आणि प्लग हलवत असताना पुन्हा तपासावे.

बिटाची निगाही यातच आली. मुलामा असलेल्या बिटाला कानस लावू नये, मुलामा गेला की आतले तांबे झिजून खड्डा पडतो. कानस चालते ती फक्त साध्या तांब्याच्या बिटाला. ओलसर स्पंज किंवा पितळी जाळीवर पुसून, आयर्न बंद करण्यापूर्वी टोकावर सोल्डरचा थर ठेवावा.

शरीराची काळजी

जाणकार कल्हईवाला कथिलात शिसे मिसळू देत नाही, कारण त्या भांड्यात अन्न शिजते. आपल्या ६०/४० च्या तारेत चाळीस टक्के शिसे आहे हे विसरू नये. तार दातात धरू नये, टेबलावर चहा-नाश्ता घेऊ नये, जेवणापूर्वी व विडी-सिगारेट ओढण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. पुष्कळ बांधव घरातच टेबल मांडून काम करतात. लहान मुलांना तेथे बसू देऊ नये आणि खाली पडलेले सोल्डरचे तुकडे झाडूने हवेत न उडवता ओल्या फडक्याने टिपावेत. राळेच्या धुराने काहींना दमा जडतो, म्हणून धूर नाकाखालून जाऊ देऊ नये.

शेवटी धंद्याची गोष्ट. ग्राहक बोर्ड आपल्या हाती देतो तेव्हा आत काय केले ते त्याला कळत नाही. तो आपल्या शब्दावर विसंबतो. जोड पक्का नसेल तर तो आज ना उद्या उघडा पडतो आणि ग्राहक दुसऱ्या दुकानाची पायरी चढतो. दोन-तीन छिनी बिटे, चांगल्या तारेचे एक रीळ, फ्लक्सची एक डबी आणि एक भिंग एवढ्या भांडवलावर हे टळते. उस्तादांनी शागीर्दाला भंगार बोर्डावर आधी कनेक्टर काढायला लावावे, पॅड न उखडता तो काढता आला की मगच ग्राहकाचे कार्ड त्याच्या हाती द्यावे.